रक्त राहिलं, आतडं गेलं

दिवाळी अंकासाठी काहीतरी हलकंफुलकं लिहा, बाळंतपणाच्या गमती तुमच्याकडे ढीगभर असतील, असं संपादकांनी बजावून ठेवलं आहे. आहेत ना. नोकरीच्या अगदी सुरुवातीला एका म्हातारीने मला दारातूनच परत धाडलं, कारण मी पांढऱ्या साडीत होते. सरकारला नर्स पांढऱ्या साडीत हवी होती आणि आमच्या किनाऱ्यावर बाळंतिणीच्या खोलीत पांढरं नेसलेली बाई कोणाला नको होती. आत सून कळा देतेय आणि म्हातारी उंबऱ्यावर हात आडवा धरून उभी! शेवटी शेजारणीच्या हिरव्या बांगड्या मनगटात चढवल्या तेव्हा आत शिरायला मिळालं. पुढे नोकरीभर त्या चढवूनच फिरले. वरिष्ठ बाईंनी हटकलं तर म्हणायची, मला शोभतात. दुसऱ्या एकीचा नवरा आला होता तो अमावास्या टळेपर्यंत बायकोचं बाळंतपण थोपवणारं इंजेक्शन मागायला. त्याला म्हटलं, तसं इंजेक्शन असतं तर मीच नसतं का वापरलं, निदान जेवण तरी पुरं झालं असतं.

एवढ्यावर गमती आटोपल्या असं समजावं. लिहायला बसलं की मला सुमतीच आठवते आणि मग हलकंफुलकं काही सुचत नाही. संपादकांना छापायचं तर छापोत.

पन्नासच्या दशकात मिठबावच्या अलीकडे समुद्राकाठच्या एका सरकारी दवाखान्यात मी मिडवाइफ म्हणून रुजू झाले. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, आम्ही रत्नागिरीचं शेपूट होतो आणि शेपटाकडे जितकं लक्ष जातं तितकंच आमच्याकडे जायचं. एक वयस्क डॉक्टर, एक कंपाउंडर आणि मी. मी मूळची कणकवलीकडची, त्यामुळे बोलीची अडचण नव्हती. अडचण होती ती माझ्या लग्नाची, म्हणजे ते न झाल्याची. मूल कसं सांभाळावं हे सांगायला तोंड उघडलं की समोरची बाई विचारायची, "तुका पोरां किती गो?" आणि माझं तोंड मिटायचं.

लोकांना वाटतं, मूल बाहेर आलं, रडलं, की सुईणीचं काम संपलं. खरी धाकधूक तिथून पुढे असते. नवजात बाळाचं आतडं म्हणजे ओला पापड. उचलायला जावं तिथे फाटतं. दिवस भरायच्या आधी आलेलं मूल असेल तर विचारूच नका. त्यात आमच्याकडची तऱ्हा अशी की आईचं पहिलं पिवळं दूध, चीक, पिळून टाकायचं आणि बाळाच्या तोंडात मध, एरंडेल, उगाळलेल्या काड्या असं सगळं घालायचं. जरा बऱ्या घरात मुंबईहून आगबोटीने दुधाच्या भुकटीचा डबा यायचा. डब्यावर काय लिहिलंय ते वाचणार कोण? पातळ कालवलेलं दूध पाजणं म्हणजे हात आखडणं, म्हणून ते खिरीसारखं घट्ट करून पाजायचे. मग पोट फुगायचं, हिरवी ओकारी, शीमध्ये रक्त. एकदा तसं झालं की आमच्या हातात काही उरत नसे. आतडं आतल्या आत कुजत जातं. असं मूल फार रडतही नाही, नुसतं कण्हतं, आणि ते कण्हणं ज्याने ऐकलंय त्याच्या कानातून ते जात नाही.

या सगळ्या वाटा मला माहीत होत्या आणि त्या बुजवण्यासाठी मी घरोघर भांडत फिरले. रक्ताकडून आतड्याकडे जाणारी एक वाट होती, ती मात्र मला माहीत नव्हती. आमच्या डॉक्टरांनाही नव्हती.

सुमतीच्या घरात सासू नव्हती. नवरा मुंबईला गोदीत, गणपतीला नि शिमग्याला तोंड दाखवणारा. घरात ती आणि तिचे सासरे, ज्यांना सगळा गाव आबा म्हणायचा. आबांनी उभं आयुष्य बोटीवर काढलं होतं. शेवटी सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होऊन घरी आले. बोटीवरची शिस्त त्यांनी घरी आणली होती. दोऱ्या गुंडाळून ठेवलेल्या, भांडी ओळीने, आणि खाटेखाली एक लोखंडी ट्रंक. आमच्या दमट हवेत लोकरीला दोन पावसाळ्यांत कसर लागते, पण आबांच्या ट्रंकेतल्या लोकरीला कधी लागली नाही. मुंबईच्या डांबरगोळ्या त्यांनी मूठमूठ घातलेल्या असत. झाकण उघडलं की वास पडवीपर्यंत यायचा.

आमच्याकडे नव्या बाळाला नवं कापड घालत नाहीत. घरात जो कोणी पिकलेला, सुखासमाधानाचा माणूस असेल, त्याच्या वापरातल्या जुन्या कापडात बाळ गुंडाळायचं, म्हणजे त्याचं वय बाळाला लागतं. कोणी धोतराचा तुकडा देतं, कोणी लुगड्याचा. आबांकडे बोटीवरचं एक लोकरी ब्लँकेट होतं. सुमतीला पहिली मुलगी झाली, शालन. पाचवीची पूजा झाल्यावर आबांनी ते ब्लँकेट ट्रंकेतून काढलं, खोबरेल चोळून न्हाऊमाखू घातलेली ती पोर त्यात गुंडाळली आणि म्हणाले, "ह्या ब्लांकेटान माका दर्यात सांभाळल्यान. माझां आयुष्य लागांदे तिका."

शालन गुटगुटीत वाढली. तिच्या पाठीवर मुलगा झाला. चांगल्या वजनाचा, दिवस भरलेला, मीच सोडवली होती तिला. पाचवी झाली, आबांनी यालाही त्याच ब्लँकेटात गुंडाळलं, आणि त्यानंतर मूल पिवळं पडायला लागलं. नवजात मुलं थोडी पिवळी पडतातच, पण हे हळदीसारखं. त्यात ओठ पांढरेफटक. लंगोटाला चहाच्या चोथ्यासारखे डाग. सुमती धावत दवाखान्यात आली. "नर्सबाय, दूद पिना नाय. पोट बघा कसां फुगलां." डॉक्टरांनी कावीळ म्हणून औषध दिलं. त्या पोटावर काविळीचं औषध काय करणार? गेलं ते मूल.

दुसऱ्या मुलाच्या वेळीही अगदी तेच. पांढरे ओठ, काळपट लघवी, मग पोट. यावेळी आळीतल्या बायका जमल्या नि त्यांनी ठरवून टाकलं की सुमतीचं दूधच बाधतंय. नवऱ्याने पाठवलेला भुकटीचा डबा फुटला. मी एकीच्या हातातून वाटी ओढून घेतली. तेव्हा तो प्रश्न आलाच, पोरां किती गो तुका. आबा मध्ये पडले, म्हणाले नर्सबाय शिकलेली आहे, ऐका तिचं. पण तोवर दोनदा पाजून झालं होतं. हे मूल पहिल्यापेक्षाही लवकर गेलं.

मग गाव बोलायला लागला. देवळात कौल लावला, देवाने काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण बाहेर आलं ते असं की घराण्याच्या मागे कोणी अतृप्त आहे. "झील तितके नेता आणि चेडू ठेवता," असं बायका कुजबुजायच्या. मुलगे नेतो, मुलगी ठेवतो. हिशेब चोख बसत होता, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती. सुमतीला बारशांची बोलावणी बंद झाली. ती विहिरीवर आली की पोटुशा बायका कळशी अर्धी भरून निघून जायच्या. मी एकदा तिच्यादेखत एकीला झापलं. सुमती मला म्हणाली, "तिका कित्याक बोलतास? मी तिच्या जागी असतंय तर मी पण गेलंय असतंय." असं बोलणाऱ्या माणसाला धीर तरी काय द्यायचा?

शालन धरून चौथ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी हट्टाला पेटले. तोवर मी इकडेतिकडे वाचलं होतं की आईबापाचं रक्त जुळलं नाही तर बाळाचं रक्त फुटतं. म्हटलं, हेच असणार. बाळंतपण घाटावरच्या मोठ्या इस्पितळात करायचं. नवरा चिठ्ठीने नाही म्हणाला, आबा तोंडाने हो म्हणाले. "घाटार न्हेया तिका. माका ह्यावेळी नातू जितो बघूक होयो." रजा काढून मी स्वतः सोबत गेले. तिथे दोघांचं रक्त तपासलं. नवऱ्याला त्यासाठी मुंबईहून ओढून आणलं. रक्त जुळत होतं. डॉक्टर म्हणाले, या बाबतीत काळजीचं कारण नाही. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. हे नाही, तर मग काय?

मुलगा झाला. गुलाबी, आवाजाने दणदणीत. इस्पितळाच्या सुती कपड्यात तो दिवसेंदिवस तरारत गेला. पिवळा झाला तो इतर मुलं होतात तेवढाच, आणि उतरलाही. सुमती त्याच्याकडे बघायची ती चोरून, उघड बघितलं तर कोणी तरी नेईल अशी. आम्ही एसटीने कणकवलीत उतरलो तेव्हा मला वाटलं, जिंकलो. घरी मी दारात उभी राहून दम दिला. मध नाही, घुटी नाही, डबा तर घरात दिसता कामा नये. आईचं दूध, बाकी थेंब नाही. आळीतल्या बायकांनी यावेळी मला प्रश्न विचारला नाही. माझ्या सगळ्या वाटा मी बुजवल्या होत्या.

बारसं थाटात झालं. त्यानंतर चार-दोन दिवसांत आबांनी कोणाला तरी दवाखान्यात पिटाळलं. मी जाऊन बघते तो मूल हळदीसारखं. ओठ पांढरे. मी लंगोट उलगडून बघितला आणि तसाच गुंडाळून ठेवला.

आंब्याच्या ट्रकमधून आम्ही पुन्हा घाट चढलो. यावेळी इस्पितळात वेळेत पोचलो, हे मुद्दाम सांगते, कारण दुर्गम भाग म्हणून मूल गेलं असं लिहिणं सोपं असतं. डॉक्टरांनी लगेच रक्त दिलं. शिरेतून जुनं थोडं काढायचं, नवं थोडं घालायचं, असं सावकाश चालतं ते. माझ्या डोळ्यांदेखत त्या मुलाचे ओठ गुलाबी झाले. सुमती माझा हात इतका घट्ट धरून होती की बांगड्या रुतल्या. दुसऱ्या दिवशी मूल भुकेने रडायला लागलं. भुकेने रडलेलं मूल इतकं गोड वाटतं का कधी? डॉक्टर म्हणाले, पाजा. तिने पाजलं. तो पोटभर प्याला आणि झोपला.

त्याच्या पुढल्या दिवशी पोट फुगलं. हिरवी ओकारी, मग रक्त. आणि ते कण्हणं.

डॉक्टर तरुण होते, भले होते. त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "बाई, रक्त राहिलं, आतडं गेलं." शरीरात रक्त कमी पडलं की शरीर ते आधी मेंदूला, हृदयाला पुरवतं, आतड्याच्या वाट्याला शेवटी. रक्त मिळेपर्यंत या मुलाचं आतडं उपाशी राहिलं होतं, काही ठिकाणी मेलंही असेल. त्यावर एवढं रक्त बदलण्याचा ताण, मग दूध. ते सोसलं नाही. मी विचारलं, कापून काढता येत नाही का? ते म्हणाले, एवढ्याशा मुलावर? इथे? सुमती आमच्या मागे येऊन उभी होती ते दोघांनाही दिसलं नव्हतं. ती म्हणाली, "मी दूद पाजलंय म्हणान गेलो?" मूल तेव्हा अजून जिवंत होतं. पण ती गेलो म्हणाली.

डॉक्टरांनी तसं नाही, तसं नाही असं दोनदा म्हटलं. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.

नंतर माझी बदली झाली. पिंगुळीजवळच्या एका केंद्रात मी रमले, माणसं बरी होती. शालनची खबर अधूनमधून कळायची. साठचं दशक संपत आलं तेव्हा आम्हा जुन्या मिडवाइफांचा एक उजळणी वर्ग शहरात झाला. असल्या वर्गात मी बहुधा मागे बसून वाती वळत असे. एका दुपारी एक डॉक्टर बोलायला उभे राहिले, विषय नवजात बाळाचे रक्तविकार. म्हणाले, काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एक उणीव असते. एरवी ती कळतही नाही, मूल ठणठणीत. पण काही ठरावीक वस्तूंचा संबंध आला की त्यांचं रक्त भराभर फुटतं. काही औषधं आहेत तशी. आणि डांबरगोळ्या. त्यात ठेवलेल्या लोकरीत मूल गुंडाळलं तर नुसता वासही पुरतो, आणि अंगाला तेल चोळलेलं असेल तर कातडीतून जास्तच भिनतं. मूल पिवळं होतं, पांढरं पडतं, लघवी काळपट होते. फार पांढरं पडलं तर आतडंही धोक्यात येतं, म्हणून अशा बाळाला दूध सुरू करताना जपा.

मी उभी राहिले. विचारलं, मुलींना होत नाही का हे? ते म्हणाले, बहुतेक मुली सुटतात. विकार दिसतो तो मुलग्यांत, पण तो येतो आईकडून. मुलगी तो पुढे नेऊ शकते.

मी खाली बसले. शेजारची म्हणाली, बरं वाटत नाही का? मला हसू येत होतं की रडू ते सांगता येत नाही. अतृप्त आत्मा नाही, शाप नाही. झील नेता नि चेडू ठेवता, तो हिशेबसुद्धा बरोबर होता, फक्त हिशेब ठेवणारा वेगळा. त्या मुलांचं रक्त कोणी कधी त्यासाठी तपासलं नाही, म्हणून शपथेवर मी काही सांगू शकत नाही. पण माझ्या मनात शंका नाही, तेव्हाही नव्हती.

आता प्रश्न असा की सांगायचं की नाही. आबा जिवंत होते. शालनचं लग्न ठरत आलं होतं, आणि ते आधी दोनदा मोडलं होतं ते आईच्या नावाने. मला वाटलं, खरं कळलं तर सुमतीवरचा डाग पुसला जाईल. आणि शालनला उद्या मुलगा झाला तर? रविवारी मी मिठबावची एसटी धरली.

आबा पडवीत बसले होते, डोळे अधू झालेले. आवाजावरून ओळखलं, म्हणाले, "नर्सबाय मा? बसा. शालग्याचां लगीन जमलां हां आता." मी सुमतीला घेऊन मागच्या नारळीखाली गेले आणि सगळं सांगितलं. ती सुपारी कातरत होती. कातरता कातरता थांबली.

"म्हणजे कोणाचो शाप नाय," ती म्हणाली.

"नाय."

"माझां दूद बाधलां नाय."

"दूद वायट नव्हतां. आतडां आधीच गेल्लां."

तिने सुपारी नि अडकित्ता बाजूला ठेवला. मग म्हणाली, "आबांक ह्यां कळता कामा नये."

मी म्हटलं, नाही कळणार. ब्लँकेट आबांनी प्रेमानेच दिलं होतं. त्यावर तिने मान हलवली. "तिसऱ्याच्या वेळी आबा ब्लांकेट देय नव्हते. घाबरलेले. म्हणालेत, माझी वस्तू लाभणा नाय तुझ्या झीलांक. मी पाया पडलंय तेंच्या. म्हटलंय, तुमचां आयुष्य होयां माका तेका. मी मागान घेतलंय."

हे मला ठाऊक नव्हतं. आतापर्यंत मी मनात आबांना जपत आले होते.

"आणि ही जी उणीव म्हणतास," तिने विचारलं, "ती खंयसून इली तेंच्यात?"

तोंडावर आलेलं मी गिळलं. म्हटलं, रक्तातून येते. तिने माझ्याकडे नीट बघितलं. शाळेत चार यत्ता शिकलेली बाई ती. "बापाक काय नाय, शालग्याक काय नाय," ती हळूहळू म्हणाली, "मगे माझ्यासूनच." आणि मग लगेच, "शालग्यात पण आसात?"

मी म्हटलं, असेल किंवा नसेल. सांगता येत नाही.

लग्न मोडू नये म्हणून कोणाला काही सांगायचं नाही असं तिनेच ठरवलं. लोक शाप म्हणतात तर म्हणोत, त्याची सवय झाली आहे. शालनला मात्र मी निघताना दारात गाठलं. म्हटलं, सासरी बाळंत झालीस की घरात डांबरगोळी येऊ देऊ नको, आणि बाळाला सुतीच घाल. ती हसली. "मगे कसर लागतली मा कपड्यांक?" म्हटलं, लागूंदे. तिला वाटलं, म्हातारी नर्स चक्रम झाली.

सुमती मला रस्त्यापर्यंत पोचवायला आली. चालताना वाकून एक पडलेली झावळी उचलली, कडेला टाकली. रस्ता आला तशी थांबली.

"नर्सबाय," ती म्हणाली, "तुमी सांगूक इलात तां माझ्या बऱ्याक इलात, माका ठावक आसा. पण बरां झालां नाय. इतकी वर्सां मी देवाक बोल लावी होतंय. आता कोणाक लावू?"

एसटी आली तशी मी चढले.